कोरडवाहू द्राक्षाची गोष्ट
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



द्राक्ष म्हटले की आपल्यासमोर नाशिक-सांगलीची बाग उभी राहते : मांडव, ठिबक, फवारे आणि बँकेचे कर्ज. पण दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, मौले आणि इताता या भागांत, द्राक्षही कोरडवाहू आहे. मांडव नाही, पाण्याची पाळी नाही. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. खोल गेलेल्या मुळ्यांवर वेल तगते. 'पाईस' हे तिथले जुने वाण. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणले, आता ते तिथले गावरानच झाले आहे. शंभर-दोनशे वर्षांच्या वेली अजून उभ्या आहेत.

अशा वेली लोकांनी का सोडून दिल्या? रोग पडला म्हणून नव्हे, भाव पडला म्हणून! मोठ्या कंपन्यांनी पाईसला हलके ठरवले. मूठभर खरेदीदार देतील तो भाव. त्यात तोडणीची मजुरीही निघेना. त्यातच १९७४ च्या कायद्याने सरकारने झाडे लावण्याच्या खर्चाला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान दिले. वेली गेल्या, पाइन आणि निलगिरी आली. २०१७ आणि २०२३ साली वणवे पेटले, तेव्हा उरलेल्या जुन्या बागाही होरपळल्या.

वाट सापडली ती शेतकऱ्याच्याच घरात. घरापुरत्या वाईनला तिथे 'पिपेन्यो' म्हणतात. बांबूच्या चाळणीवर घड हाताने चोळायचे. मणी खाली पडतात, देठ वर राहतात. बाहेरचे विरजण नाही; सालीवरच्याच यीस्टने रस आंबतो. चोथा रोज खाली दाबायचा, मग गाळून लाकडी पिंपात भरायचा. औषध नाही, असले तर नावापुरते. २००० नंतरच्या दशकात लुई-आंत्वान लुईत या फ्रेंच माणसाने छोट्या शेतकऱ्यांच्या पाईसची अशी वाईन केली आणि पुढे बाटलीवर गावाचे नाव छापले. काही शेतकरी आता स्वतःच बाटल्या भरतात.

सगळे सुटले असे नाही. नुसती द्राक्षे विकणारा आजही खरेदीदाराच्याच दारात उभा आहे.

द्राक्षे लावा, वाईन करा, असे आम्ही म्हणत नाही. आपण विचारायचे ते एवढेच, की घरातून कच्चे काय काय जाते? क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. त्याच सरकीची ढेप आपण पैसे मोजून बैलांसाठी परत आणतो! पुढच्या बैठकीला कापसाची पट्टी आणि ढेपेची पावती, दोन्ही घेऊन या. हिशेब तिथेच मांडू.