पावसाचा हिशेब



हुडकेश्वरच्या या वर्गात तुम्ही आकडे शिकलात. आज त्याच आकड्यांनी पावसाचा हिशेब करू.

माझे वडील शेतकरी. एका वर्षी मृगाची पहिली सर आली आणि त्यांनी सारे वावर पेरले. पुढे पंधरा दिवस ढग फिरकले नाहीत. बी मातीतच गेले. दुबार पेरणीसाठी घरचा बैल विकावा लागला. दिवाळीला लोक म्हणाले, "औंदा पाऊस चांगला झाला!" मग आमचे बी का मेले?

पाऊस मिलिमीटरने मोजतात. आपले हवामान खाते 1875 साली सुरू झाले. जागोजागी सकाळी साडेआठला पाऊस मोजून लिहितात. 1971 ते 2020 या पन्नास वर्षांच्या पावसाची बेरीज केली आणि पन्नासाने भागली. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी आली सुमारे 870 मिलिमीटर.

पण सरासरी फसवते बरं का! महिन्याच्या साठ भाकरी दहा दिवसांतच संपवल्या, तरी रोजची सरासरी दोनच येते. पुढचे वीस दिवस मात्र उपास!

2023 साली देशात सरासरीच्या 94 टक्के पाऊस झाला. म्हणजे शंभरात सहाच कमी. पण ऑगस्टात शंभराच्या जागी 64च पडला. 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सप्टेंबरात पडला 113. त्यातच 23 सप्टेंबरला आपल्या नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरांहून जास्त कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहिला. घरांत पाणी शिरले.

तेव्हा पाऊस किती पडला, एवढेच विचारू नका. केव्हा पडला, तेही विचारा.

कृषी खाते सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे घरीही मोजता येते. सपाट बुडाचे, सरळ काठाचे भांडे उघड्यावर ठेवा. वर झाड नको, छप्पर नको. रोज सकाळी पट्टी उभी धरून पाणी मोजा. तारीख घालून वहीत लिहा. मग भांडे रिकामे करा. बेरीज 75च्या पुढे गेली आणि ओल खोल उतरली, की तिफण काढा.

माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हते. तुम्हांला येते. या मृगाला वही कोरी ठेवू नका.