रात्री भूल कोण देणार?

पेपरातल्या भरतीच्या जाहिरातींत हल्ली एक ओळ हटकून असते : 'भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट पाहिजेत. थेट मुलाखत.' सरकारी दवाखाना असो की खासगी, मागणी तीच. नुसत्या एमबीबीएसच्या पाटीवर दवाखाना चालायचे दिवस सरत आले.

सोलापुरात डॉक्टर घडत नाहीत असं नाही. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३पासून इथं आहे. तरी सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून पार धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीपर्यंतच्या गाड्या लागलेल्या असतात. त्या का येतात, ते एका सिझेरियनवरून सांगतो.

तालुक्याच्या दवाखान्यात रात्री अडलेली बाळंतीण येते. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहे, पण भूल देणारं कुणी नाही. भूल म्हणजे एक सुई टोचली की झालं, असं आपल्याला वाटतं. कमरेच्या मणक्यात ती सुई गेली की काही मिनिटांत रक्तदाब घसरू शकतो. तेव्हा सलाईन वाढवायचं, औषध द्यायचं, नजर मॉनिटरवर ठेवायची, हे सगळं उशाशी बसलेल्या त्या माणसाचं काम. शिवाय बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ हवा, रक्तस्राव झाला तर रक्तपिशवी हवी. यातलं एक जरी नसलं, की १०८ला फोन लावायचा आणि म्हणायचं, 'सोलापूरला हलवा.'

खासगीत तरी काय वेगळं आहे? एकच भूलतज्ज्ञ सकाळपासून चार ऑपरेशन थिएटरं गाठत पळतो आणि सर्जनची लिस्ट त्याच्या वेळेवर लागते. नातेवाइकांना विचारा, ऑपरेशन कुणी केलं? सर्जनचं नाव सांगतील. भूलतज्ज्ञाचं नाव क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

माझं म्हणणं एवढंच, की तज्ज्ञ सुटे नेमून भागत नाही. एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाला तालुक्याला धाडलं, तर तो ओपीडी काढत बसणार आणि कंटाळून शहर गाठणार. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पगार वाढवूनही तो टिकेलच असं नाही.

सगळी माणसं एकत्र असली की तालुक्यातही काय होतं, ते बार्शीत बघा. तिथं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन गाठ आहे का, अंगावरून जातंय का, असं विचारत आणि संशय आला की तपासणीला पाठवत. त्या गाठीचा तुकडा तपासायला पॅथॉलॉजिस्टही जोडीला लागतो.

ऐकणाऱ्यांत कुणी नवे डॉक्टर असतील, तर थेट मुलाखतीला जाताना पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा : रात्री भूल कोण देतं आणि रक्तपेढी किती किलोमीटरवर आहे?