चियांग माई : सायकलवरून नगरप्रदक्षिणा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हां उभयतांना प्रवासावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्यास फारसा वेळ लागला नाही. थायलंडच्या उत्तर भागातील चियांग माई या शहरी आम्ही एका हिवाळ्यात आठ दिवस राहिलो, आणि ते शहर बहुतांशी सायकलवरून पाहिले. मोटारीतून शहर काचेपलीकडून दिसते. पायी हिंडावे तर दोन मंदिरे पाहण्यातच दिवस सरतो. सायकलस्वाराला मंदिराच्या दाराशी उतरता येते, आणि वाटेत एखाद्या चुलीवरून खमंग वास आला, तर तेथेही थांबता येते. मंदिरे आणि मुदपाकखाने एकत्र पाहण्यास याहून सोयीचे वाहन आम्हांस ठाऊक नाही.

परदेशाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात : तेथे आपले असे काय पाहिले, आणि जेवणाचे हाल किती झाले? आजच्या भाषणात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत. ती ऐकल्यावर पहिला प्रश्न आपण थोड्या निराळ्या शब्दांत विचाराल, अशी आम्हांस आशा आहे.

चियांग माई या शब्दांचा अर्थ 'नवे नगर'. मंगराय राजाने ते इ. स. १२९६ मध्ये वसविले. स्थळ निवडताना त्याने सुखोथायचा राजा रामखामहेंग आणि फयावचा राजा न्गाममुआंग या दोन मित्रांचा सल्ला घेतला. तिघांचे पुतळे आज नगराच्या मध्यभागी एकत्र उभे आहेत. जुने नगर जवळजवळ चौरस आहे. त्याची एकेक बाजू सुमारे दीड किलोमीटर असून सभोवती पाण्याने भरलेला खंदक आहे. तटाचे कोपरे आणि पाच वेशी अजून दाखविता येतात. तेथील वाहतूक आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालते. खंदकाच्या बाहेरील रस्त्यावर ती एकाच दिशेने, नगर उजव्या हाताला ठेवून वाहते. म्हणजे त्या रस्त्याला लागलेला प्रत्येक सायकलस्वार नकळत नगराला प्रदक्षिणाच घालीत असतो! पहिल्या सकाळी आम्हीही ती घातली. वाटेत भगवी वस्त्रे ल्यालेले अनवाणी भिक्षू पात्रे घेऊन निघाले होते, आणि गृहिणी त्यांच्या पात्रांत भात व कालवण घालीत होत्या. जे पात्रात पडेल ते स्वीकारावे आणि माध्यान्हीपूर्वी जेवण आटोपावे, असा त्यांचा नियम आहे.

नगरातील सर्वांत जुना विहार वाट चियांग मान. मंगरायाच्या काळीच तो स्थापन झाला. तेथील स्तूपाच्या पायथ्याशी पंधरा हत्तींच्या अर्धमूर्ती चहूबाजूंनी जणू स्तूप पाठीवर तोलून उभ्या आहेत. आत एक प्राचीन शिलापट आहे. मत्त नालागिरी हत्तीला बुद्धाने शांत केले, तो प्रसंग त्यावर कोरला आहे. शैली स्पष्टच भारतीय. नगराच्या वायव्येस तीन-चार किलोमीटरांवर वाट चेत योत, म्हणजे सात शिखरांचा विहार, आहे. राजा तिलोकराज याने इ. स. १४५५ मध्ये त्याची उभारणी आरंभिली, ती बोधगयेचे महाबोधी मंदिर डोळ्यांसमोर ठेवून. इ. स. १४७७ मध्ये येथेच त्रिपिटकाच्या शुद्धीकरणासाठी भिक्षूंची मोठी परिषद भरली. भिंतींवर हात जोडलेल्या देवतांच्या चुनेगच्चीतील मूर्ती आहेत. त्यांची वस्त्रे आणि अलंकार पाहताना अजिंठ्याची आठवण होते.

अशा ठिकाणी 'हे सारे मूळचे आपलेच' असे म्हणून माणूस समाधानाने मिशीवर हात फिरवितो. त्या समाधानाला एक दुसरी बाजू आहे. बोधगयेचे मूळ मंदिर पुढील शतकांत ढासळत गेले, आणि त्याचा मोठा जीर्णोद्धार व्हावयास इ. स. १८८० चे दशक उजाडावे लागले. त्या स्थानाची आठवण शेकडो मैलांवरच्या या डोंगरी नगरात चुन्याविटांत जपली जात होती. ज्यांनी ती जपली त्यांनी शिखरांची मांडणी आपल्या मनाप्रमाणे केली आणि मूर्तींना आपल्या प्रांताचे चेहरे दिले. तेव्हा वस्तू मूळची कोणाची, या प्रश्नापेक्षा ती कोणी सांभाळली, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटू लागला.

जपणूक म्हणजे काय, हे जुन्या नगराच्या मध्यावरील वाट चेदी लुआंग येथे अधिक कळते. पंधराव्या शतकात पूर्ण झालेला हा विटांचा महास्तूप सुमारे ऐंशी मीटर उंच होता. इ. स. १४६८ पासून त्याच्या पूर्वेकडील कोनाड्यात, आज बँकॉकमध्ये असलेली सुप्रसिद्ध पाचूबुद्धाची मूर्ती विराजमान होती. इ. स. १५४५ च्या भूकंपात शिखर कोसळले. इ. स. १९९० नंतरच्या वर्षांत युनेस्को आणि जपान सरकार यांच्या साह्याने डागडुजी झाली. परंतु मूळ शिखर नेमके कसे होते हे खात्रीने सांगता येईना, म्हणून ते नव्याने बांधले नाही. भग्न माथ्याचा तो प्रचंड स्तूप तसाच उभा आहे, आणि त्याच्या सावलीत नित्याची पूजा चालू आहे. जे ठाऊक नाही ते कल्पनेने न भरण्याचा हा संयम आम्हांस फार भावला.

मात्र कौतुकाच्या भरात एक गोष्ट लपवू नये. याच आवारात नगरस्तंभाचे मंदिर आहे, आणि तेथे स्त्रियांना प्रवेश नाही. दोन सायकली एकाच झाडाखाली उभ्या केल्या. आमच्यापैकी एकाने आत जाऊन दर्शन घेतले, दुसरी फलकापाशी थांबली. परंपरेबरोबर तिची कुलुपेही जपली जातात, हे आपल्या देशातील मंदिरांच्या अनुभवावरून आपल्याला सांगावयास नकोच.

आता जेवणाकडे वळू. त्यासाठी इतिहासाचे आणखी एक पान उलटावे लागेल. इ. स. १५५८ मध्ये हे नगर ब्रह्मी सत्तेखाली गेले आणि दोन शतकांहून अधिक काळ तसेच राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या युद्धांत ते ओस पडले. रस्त्यांवर रान माजले. इ. स. १७९६ मध्ये कावीला या राजाने ते पुन्हा वसविले. त्याचे धोरण तेथील एका म्हणीत सामावले आहे : भाजी खुडून टोपलीत भरावी, तशी माणसे वेचून नगरात भरावी. आजूबाजूच्या प्रांतांतून, पुष्कळदा बळजबरीने, गावेच्या गावे उचलून आणली गेली. दक्षिण वेशीबाहेरील वुआ लाय भागातील रुपेरी कारागीर अशांपैकीच; साल्वीन नदीकडील आपल्या मूळ गावाचे नाव ते सोबत घेऊन आले. आज त्यांच्या वस्तीतील वाट सी सुपान येथे मुख्य मंडप चांदी आणि ॲल्युमिनियमच्या ठोकीव पत्र्यांनी मढविला आहे, आणि आवारातच मुलांना ठोक्याचे काम शिकविले जाते. ज्यांना धरून आणले, त्यांच्या वंशजांनी आपल्या हातांनी नगराला हा अलंकार चढविला. त्या मंडपाच्या आतही स्त्रियांना प्रवेश नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

जी गोष्ट माणसांची, तीच ताटाची. या प्रांताचा भात चिकट. तो रात्रभर भिजवून वाफेवर शिजवितात, बांबूच्या लहान करंडीत वाढतात, आणि हाताने त्याचा गोळा करून कालवणाला लावून खातात. हाताने जेवणाऱ्या आपल्या मंडळींना येथे एकदम घरच्यासारखे वाटते. समुद्र दूर, म्हणून दक्षिणेकडे जेथे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचा आंबविलेला गोळा घालतात, तेथे या डोंगरी स्वयंपाकात आंबविलेल्या सोयाबीनच्या वाळविलेल्या चकत्या भाजून घालतात. 'नाम प्रिक नुम' म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण व छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून खलात कुटलेला ठेचा. आपला खर्डा खाऊन वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

'गेंग हांग ले' ही आले, चिंच आणि लसणीच्या लोणच्यासह शिजविलेली डुकराच्या मांसाची आमटी ब्रह्मदेशाकडून आली. तिच्यात घालावयाच्या पुडीला बाजारात 'मसला' असाच शब्द ऐकू येतो. सर्वांत लोकप्रिय पदार्थ 'खाव सोय'. युन्नानहून खेचरांच्या तांड्यांबरोबर आलेल्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध सांगतात. नगर आणि पिंग नदी यांच्या दरम्यान त्यांची मशीद आहे. तिच्या गल्लीतील एका साध्या खानावळीत आम्ही तो प्रथम खाल्ला : हळद, धने, आले, मोठी वेलची यांचा नारळाच्या दुधातील रस्सा, त्यात अंडे घालून केलेल्या गव्हाच्या शेवया आणि कोंबडी, वर तळलेल्या कुरकुरीत शेवया, बाजूला मोहरीच्या पाल्याचे लोणचे, कच्चा कांदा व लिंबाची फोड. जेवणाचे हाल म्हणाल तर दुसऱ्या वाडग्याच्या वेळी एवढेच झाले की, सायकलवर बसणे जड गेले! शाकाहारी मंडळींनीही धीर सोडू नये. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेल्या खानावळींत मांस, मासळी व अंडे वर्ज्य असते.

चियांग माईच्या माणसाला खाव सोय आपलाच पदार्थ वाटतो, आणि तो खराही आहे. आपल्याकडेही जेवणाचा विषय निघाला की 'खास आपली पद्धत' या शब्दांना धार येते. पण आपल्या मसाल्यातील लाल मिरची पोर्तुगीजांमागून सागर ओलांडून आली. बटाटा आणि टोमॅटोही तसेच. ज्या आज्यांनी त्या परक्या मिरचीला आपल्या पाट्यावर आणले, त्यांच्या हाताला आपण आज परंपरा म्हणतो.

शेवटची हकीकत दोई सुथेप डोंगराची. चौदाव्या शतकात स्थापन झालेले त्यावरील मंदिर हजार मीटरांहून उंच आहे. पायथ्याशी सायकली ठेवून, दोन बाकांच्या लाल गाडीतून आम्ही वर गेलो, आणि मग नागांच्या कठड्यांमधून तीनशेहून अधिक पायऱ्या चढलो. ज्या घाटरस्त्याने आम्ही गेलो, तो इ. स. १९३४-३५ मध्ये क्रूबा श्रीविचय या भिक्षूच्या प्रेरणेने लोकांनी बांधला. गावोगावचे लोक स्वतःची हत्यारे व शिधा घेऊन आले आणि सुमारे अकरा किलोमीटरांचा डोंगरी रस्ता त्यांनी अवघ्या काही महिन्यांत पुरा केला. बँकॉकच्या धर्माधिकाऱ्यांनी ज्याला वारंवार चौकशीसाठी अडकवून ठेवले, त्या भिक्षूच्या पायथ्यावरील पुतळ्याला आज प्रत्येक यात्रेकरू वंदन करतो.

बंधुभगिनींनो, 'तेथे आपले काय पाहिले?' या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : बोधगयेची आठवण पाहिली, हळद-धने पाहिले, आणि ती आता त्यांची झाली आहेत असे पाहिले. एखादी गोष्ट आपली म्हणावयाची तर तिच्यासाठी विटा वाहाव्या लागतात, भात शिजवावा लागतो, मुलांच्या हाती हातोडी द्यावी लागते. आपल्यापैकी ज्यांचे गुडघे साथ देत असतील त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत तेथे अवश्य जावे. पुढे शेते आणि राने जाळल्याचा धूर दाटतो. जाताना सामान थोडे न्यावे आणि भूक भरपूर न्यावी.