बर्फ उडवायचं यंत्र: इंजिन कोणतं घ्यावं?

2022च्या नोव्हेंबरात बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला चार दिवसांत सुमारे 80 इंच बर्फ पडला. ईरी तलावाच्या या टापूत घर घेतलेल्या आपल्या मंडळींना स्नो ब्लोअर लागतोच. प्रश्न असतो तो इंजिनाचा.

अंगणातला भुसभुशीत बर्फ कुठलंही यंत्र उडवतं. खरी कसोटी लागते ड्राइव्हवेच्या तोंडाशी. रस्ता साफ करणारा प्लाऊ जाता जाता ओल्या, मीठ मिसळलेल्या बर्फाचा गुडघाभर ढिगारा तिथे लोटून जातो. रात्रीतून तो गोठतो, सकाळी फावडंही त्यात शिरत नाही. इंजिन ठरवायचं ते या ढिगाऱ्याकडे बघून.

टू-स्ट्रोक आपल्या पिढीच्या ओळखीचं. जुन्या बजाज चेतकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचो, तेच हे तंत्र. दर फेरीला एक स्फोट, म्हणून यंत्र हलकं आणि जोरकस. पण थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसं हे इंजिन नव्या यंत्रांतून मागे पडलं. घरी असलेलं नीट चालत असेल तर जरूर वापरा, पण मुद्दाम शोधून विकत घेऊ नका.

ढिगाऱ्यासाठी माझं मत फोर-स्ट्रोकला. दोन फेऱ्यांत एकच स्फोट, त्यामुळे वजन जास्त आणि ऑइल वेगळं भरावं, बदलावं लागतं. पण 250 सीसीच्या आसपासचं दोन टप्प्यांचं यंत्र घ्या: पुढचं मळसूत्र गोठलेला बर्फ फोडून आत ओढतं, मागचा पंखा तो नळीतून दूर भिरकावतो आणि चाकंही इंजिनावरच फिरतात. ढकलून कंबर मोडत नाही.

ड्राइव्हवे लहान असेल आणि बर्फ चार-सहा इंचच पडत असेल, तर बॅटरीचं यंत्र घ्या. धूर नाही, दोरी ओढणं नाही. फक्त थंडीत बॅटरीचा दम कमी होतो, म्हणून ती घरात ठेवा, तिथेच चार्ज करा आणि ऐन वेळी बसवा. वायरवालं यंत्र मात्र 15 अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम 1800 वॅट ओढतं. ढिगाऱ्यापुढे ते थिटं पडतं.

पेट्रोलची इंजिनं हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यातच जास्त बिघडतात. टाकीत राहिलेलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल शिळं होतं आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत डिंकासारखं चिकटतं. एप्रिलमध्ये टाकी रिकामी करा, उरलेल्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आणि कळकळीचं सांगणं: पेट्रोलचं यंत्र गराजमध्ये, दार उघडं असलं तरी, चालू करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळी तुंबली तर इंजिन बंद करा, बॅटरी असेल तर काढा, आणि यंत्रासोबतच्या दांड्यानेच बर्फ काढा. हात अजिबात घालू नका. बंद केलेल्या यंत्राचंही पातं ताण सुटल्यावर झटक्यात फिरू शकतं.