आधी टाक्या, मग चित्रं

आज एका लांबच्या गावाची माहिती देतो. स्पेन देशाच्या ईशान्येला कॅटलोनिया प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेला, तेर्रा आल्ता भागात, एल पिनेल दे ब्राय हे डोंगराळ गाव. वस्ती हजाराच्या आसपास. आपल्या ग्रामपंचायतीसारखा तिथेही निवडून दिलेल्या सदस्यांचा कारभार असतो. पिकं म्हणाल तर द्राक्ष, ऑलिव्ह आणि बदाम, बरीचशी कोरडवाहू.

1879 साली फिलॉक्सेरा ही कीड कॅटलोनियात शिरली. ती मुळांतला रस शोषते आणि वेल वाळून जातो. फवारणीनं ती हटली नाही. अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. नवी लागवड म्हणजे मोठा खर्च. त्यातून वाइनची द्राक्षं एकदा पिकली की थांबत नाहीत. साठवायला टाकी नसेल, तर व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. आणि लहान बागाईतदाराला एकट्याला टाकी परवडणार कशी?

म्हणून गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. 1922 साली त्यांची सामाईक वाइनरी उभी राहिली. ऑलिव्हच्या तेलाचा घाणाही तिथेच. वास्तुविशारद सेझार मार्तिनेल यांनी छपराचा भार विटांच्या कमानींवर घेतला. खिडक्या उंचावर ठेवल्या, म्हणजे हवा खेळती राहते. रस आंबताना उष्णता आणि विषारी वायू निघतो, म्हणून ही सोय महत्त्वाची.

आणखी एक गंमत बघा. दर्शनी भिंतीसाठी शाविएर नोगेस या चित्रकाराच्या फरशा तयार झाल्या होत्या. त्यांत द्राक्षतोडणी आहे, तेल गाळणं आहे, पिऊन झिंगलेले शिकारीसुद्धा आहेत! पण त्या भिंतीवर लागल्या 1949 साली. टाक्या आधी, शोभा मागाहून. आज ती इमारत बघायला लांबून लोक येतात.

यातून आपण काय घ्यायचं? कांद्याची चाळ असो की डाळिंबाचं शीतगृह, तीन गोष्टी हंगामाआधी ठरवा. एक, कुणाचा माल कोणत्या दिवशी येणार. दोन, वजन आणि प्रत सर्वांसमोर तपासून पावती हातात. तीन, पहिला पैसा साठवणीवर. कमान, रंग, नावाची पाटी नंतर. एवढं पाळलंत, तर भाव ठरवताना तुमच्याही शब्दाला वजन येईल.