इतिहासाची मुलाखत आणि आपला तालुका

जोयडा तालुक्यातल्या ज्या मुला-मुलींना इतिहासात एम.ए. करून पुढे पीएच.डी.कडे वळायचं आहे, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज बोलायचं आहे.

आधी नियमाचं बोलू. २०२४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरायला सांगितले आहेत. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन-शिष्यवृत्ती, मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. बाकीच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. धारवाड, गोवा, हैदराबाद, दिल्ली, जिथे अर्ज कराल तिथलं माहितीपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. हे ३० टक्के थोडे वाटतात, पण लेखी परीक्षेत सगळे एक-दोन गुणांच्या अंतराने उभे असले की निकाल इथेच लागतो.

मुलाखत घेणाऱ्या समितीचा पहिला प्रश्न बहुधा साधा असतो. कुठून आलात? जोयडा म्हटलं की लगेच दुसरा येतो, तिथे इतिहासाचं काय आहे? मुलं जंगल, वाघ, काळी नदी अशी नावं घेतात आणि थांबतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या प्रश्नाचं उत्तर आपल्याइतकं चांगलं दुसरं कोणी देऊ शकत नाही.

सुप्याचंच घ्या. तालुक्याचं जुनं ठाणं ते. गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि ऐंशीच्या दशकात सुपा पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या, कितीतरी कुटुंबं रामनगरला वसवली गेली. एवढं सांगितलंत तर ती माहिती झाली. इतिहास त्याच्या पुढे सुरू होतो. रामनगरची एखादी आजी सांगते ते आणि भूसंपादनाचा कागद सांगतो ते जुळलं नाही, तर काय कराल? समिती हे विचारणारच. आजी खोटं बोलत नाही, आणि सरकारी शिक्का आहे म्हणून कागदही पूर्ण खरा ठरत नाही. कागद नुकसानभरपाईसाठी तयार झाला. ज्याच्या नावावर जमीन, तो त्यात दिसतो. दुसऱ्याची जमीन कसणारा, जंगलातून मध आणि कंद आणणारा बहुधा दिसत नाही. आजीला घर, देऊळ, फणसाचं झाड आठवतं, पण साल पुढेमागे होतं. कोणता पुरावा कशासाठी जन्मला आणि म्हणून तो कशाबद्दल गप्प आहे, हे ज्याला सांगता येतं, त्याची मुलाखत चांगली होते. माझ्या मते सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

कुमरीचं, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीचंही तसंच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे कानडा जिल्ह्याचे भाग १८८३ साली छापले गेले. ते जरूर वाचा, पण ते अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेले आहेत हे विसरू नका. सागवानावर लक्ष असलेल्या वनखात्याला कुमरी म्हणजे जंगलाची नासाडी वाटली. डोंगरउतारावर नाचणी पेरणाऱ्या कुणब्याचं म्हणणं शोधायचं तर दंडाच्या नोंदी, तक्रारअर्ज, साहेबाचे रागाचे शेरे चाळावे लागतील. सोबत माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांचं 'धिस फिशर्ड लँड' वाचा, आणि त्यातल्या मांडणीशी वाद घालणारे सुमित गुहाही वाचा. दहा पुस्तकांची नावं पाठ करण्यापेक्षा दोन इतिहासकारांचं कुठे पटत नाही आणि तुम्हाला त्यांतलं कोणाचं का पटतं, हे सांगता येणं मोलाचं.

आता कागद कुठे आहेत ते. आपला जिल्हा १८६२पर्यंत मद्रास इलाख्यात होता, मग मुंबई इलाख्यात, आणि १९५६ला म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे आपल्या जंगलांचा कागद चेन्नई, मुंबई आणि बंगळूर अशा तीन ठिकाणी शोधावा लागतो. त्याआधी हा मुलूख सोंध्याच्या राजांकडे होता. हैदर अलीने सोंधे घेतल्यावर तिथला राजा गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेला, म्हणून पणजीचं पुराभिलेखागारही आपलंच. कॅसलरॉकला तर १९६१पर्यंत दोन राज्यसत्तांची सरहद्द होती. संशोधनाचा आराखडा लिहिताना या जागांची नावं घाला. काम कुठे बसून करायचं हे उमेदवाराला ठाऊक आहे, हे समितीला लगेच कळतं.

उळवीबद्दल विचारलं तर श्रद्धा बाजूला सारायची गरज नाही. तिथे ज्यांची समाधी आहे ते चन्नबसवण्णा बाराव्या शतकातले. विरूपाक्ष पंडितांचं 'चन्नबसव पुराण' सोळाव्या शतकाच्या अखेरचं. मग ते पुराण कोणत्या काळाबद्दल जास्त सांगतं? हा प्रश्न तुम्हीच समितीपुढे ठेवा.

भाषेची भीती अनेकांना असते. मुलाखत इंग्रजीत झाली तर व्याकरण थोडं चुकेल, चालेल. घरची कोकणी, शाळेतली कन्नड आणि वाचनातली मराठी या तिन्ही भाषांतले कागद तुम्ही वाचू शकता, हे ठणकावून सांगा. मोडी शिकायला सुरुवात केली असेल तर तेही सांगा. मात्र न शिकता सांगू नका, समोर लगेच एखादं पान वाचायला ठेवतील. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि ते कुठे सापडेल असं वाटतं ते सांगा.

शेवटच्या आठवड्यात नवीन वाचन बंद करा. इतिहास न शिकलेल्या कोणाला तरी, काकांना किंवा शेजारच्या वहिनींना, आपला विषय पाच मिनिटांत मोठ्याने सांगा. ते पहिला जो प्रश्न विचारतील तो वहीत लिहून घ्या, कारण समितीतला दुसऱ्या विषयाचा प्राध्यापक बहुधा तोच विचारतो. आराखड्याच्या जास्तीच्या प्रती आणि मूळ प्रमाणपत्रं एकाच फाइलीत ठेवा, आणि पावसाळ्यात घाटरस्त्याचा भरवसा नसतो, तेव्हा आदल्या दिवशीच निघा.