प्राथमिक शाळा आणि संगणकाचे संस्कार



विद्यादानाचा विषय निघाला की दानशूर मंडळींच्या ओठांवर हल्ली पहिला शब्द येतो तो संगणकाचा. खेड्यातील शाळेस पाच-दहा संगणक द्यावेत, फीत कापावी, दारावर नामफलक लावावा, असा रिवाजच पडून गेला आहे. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु पहिली ते चौथीच्या बालकांना संगणकाची विद्या द्यायची म्हणजे नेमके काय द्यायचे, याचा विचार देणगीच्या आधी व्हावयास हवा.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सन २००७ मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातील एका एकशिक्षकी शाळेत झाला. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीस पडला. पुढे पेरू देशाने हीच योजना फार मोठ्या प्रमाणावर राबविली. तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विचारशक्तीच्या चाचण्यांत मुलांची थोडी प्रगती दिसली. भाषा व गणिताच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. यंत्र वर्गात पोहोचले, पण त्याचे काय करायचे हे शिक्षकांना पुरेसे सांगितले गेले नव्हते.

मग मुलांना द्यायचे काय? संगणकास आज्ञा द्यावी लागते, आणि ती नेमकी द्यावी लागते. अंदाजाने समजून घेणे त्यास जमत नाही. कोडिंगचे मूळ एवढेच आहे. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सन १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तीत एक कासव आले. ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा मुलाने द्यायच्या आणि कासवाने चालता चालता आकृती काढायची. हे कासव शाळेच्या अंगणातही होऊ शकते. एका मुलाने यंत्रमानव व्हायचे, दुसऱ्याने आज्ञा सोडायच्या. चार पावले पुढे, उजवीकडे वळ. पुन्हा चार पावले पुढे, उजवीकडे वळ. असे चार वेळा झाले की खडूने अंगणात चौरस उमटतो. एखादे ‘वळ’ राहून गेले तर यंत्रमानव थेट भिंतीकडे निघतो आणि सारा वर्ग हसतो. खरे शिक्षण येथे सुरू होते. कोणती आज्ञा चुकली हे मुलांनीच शोधावे. गुरुजींनी तेवढा वेळ गप्प बसावे, आणि हीच गोष्ट फार अवघड असते! काही दिवसांनी एखादी तिसरीतील मुलगी म्हणते, “सारखे कशाला सांगायचे? हेच चार वेळा कर म्हणा ना!” संगणकशास्त्र ज्याला पुनरावृत्तीची आज्ञा म्हणते, ती त्या मुलीने स्वतः शोधून काढलेली असते.

दुसरा खेळ अंकांचा. एकाने १ ते ६४ मधील एक संख्या मनात धरायची व इतरांनी ती ओळखायची. एकेक संख्या विचारीत गेल्यास त्रेसष्ट प्रश्नही लागू शकतात. परंतु “ती ३२ पेक्षा मोठी आहे का?” असे विचारून दर वेळी उरलेल्या संख्या निम्म्या केल्या, तर सहा प्रश्नांत उत्तर हमखास सापडते. प्रचंड माहितीतून हवी ती नोंद संगणक याच रीतीने क्षणार्धात काढतो. वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना येते. संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ६४ चा अर्धच्छेद ६. नवव्या शतकातील त्या ग्रंथात संगणक होता असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु आपल्या पाठशाळेत ही संकल्पना अशा खेळातून शिकविता येईल, हे सहज सुचते.

जालन्याच्या मोसंबीस सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळांची प्रतवारी पाहिलेल्या मुलास ‘जर-तर’ची आज्ञा निराळी शिकवावी लागत नाही. फळ मोठे असेल तर या ढिगात, डाग असेल तर बाजूला.

अशाच बिनयंत्राच्या कृतींचा इयत्तावार अभ्यासक्रम ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सन २०१६ पासून शाळांसाठी तयार करीत आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही संगणकीय विचारपद्धतीचा पाया खेळ-कोड्यांतून अगदी सुरुवातीपासून घालावा व प्रत्यक्ष कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आणावे, असाच क्रम आहे. त्याच वर्षी लहान मुलांच्या महागड्या कोडिंग वर्गांच्या जाहिरातींनी पालकांना जी धास्ती घातली, तिला या धोरणात आधार नव्हता.

यंत्राला अर्थातच विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले, आणि डिसले गुरुजींना सन २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलांस काय ऐकवायचे, काय दाखवायचे, हे त्यांनी आधी ठरविले; मोबाइल नंतर आला. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅचज्युनियर’ हे विनामूल्य साधन सन २०१४ पासून उपलब्ध आहे. त्यातील चित्रांच्या ठोकळ्यांची आज्ञा रचण्यास वाचताही यावे लागत नाही. अंगणातील चौरस जमल्यावर चार मुलांत एक टॅबलेट पुरतो.

आपल्या जिल्ह्यापुरता आणखी एक विचार करावयास हवा. दिवाळीनंतर येथील अनेक गावांतून कुटुंबे ऊसतोडीस जातात व मुलेही त्यांच्याबरोबर निघतात. शाळेच्या कुलूपबंद खोलीतील संगणक त्या मुलांच्या काय कामाचा? खडूचा चौरस आणि चौसष्ट अंकांचा खेळ मात्र फडावरच्या कोपीपुढेही मांडता येतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना. संगणककक्षासाठी जो निधी उभा राहील, त्याचा पहिला हिस्सा शिक्षकांकरिता ठेवावा. उन्हाळी सुटीत त्यांचे चार-पाच दिवसांचे शिबिर घ्यावे. येण्याजाण्याचा खर्च व भोजन ट्रस्टने द्यावे. मराठीत छापलेली कृतिपत्रिका प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि दिवाळीपूर्वी, मुले गावात असतानाच, एकदा त्यांच्या वर्गात जाऊन पाहावे. ज्या शाळेत हे खेळ रुजलेले दिसतील, तेथे टॅबलेट द्यावेत. त्यांच्या दुरुस्तीसाठीही दरवर्षी काही रक्कम बाजूला काढावी लागेल, आणि तीवर कोणाच्या नावाचा फलक लावता येणार नाही.